निवाड्याचा रंग

1896. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचा सातवा वॉर्ड. 28 वर्षांचा एक कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ दारोदार फिरतोय. घरात माणसं किती, काम काय, भाडं किती... एकेक उत्तर टिपून घेतोय. त्यांचं नाव डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस.

काम विद्यापीठानं दिलेलं. पण शहरातल्या बहुतेक गोऱ्यांनी निदान आधीच करून टाकलं होतं: शहराच्या दुखण्याचं मूळ म्हणजे याच वॉर्डातले कृष्णवर्णीय. त्यावर विद्यापीठाचा शिक्का तेवढा हवा होता, असं डू बॉईस यांनीच पुढे लिहिलं.

पूर्वग्रह निष्कर्षात शिरतो, असं आपण धरून चालतो. तो त्याच्या कितीतरी आधी प्रश्नातच येऊन बसलेला असतो. ‘या लोकांचं काय बिघडलंय?’ असं विचारलं, की दोष त्या लोकांतच सापडतो. डू बॉईस यांनी विचारलं, यांना काम कोण नाकारतं? मग गुलामगिरीचा वारसा, बंद दरवाजे, चढी भाडी दिसू लागली.

मग अभ्यासक आपल्यातलाच असला की भागलं? तसंही नाही. वॉर्डानं त्यांचं स्वागत केलं नाही. कुणीतरी आपल्याला नमुन्यासारखं निरखावं, हे तिथल्या लोकांना रुचत नव्हतं. आपल्याच माणसांविषयी आपल्याला वाटत होतं तितकं ठाऊक नाही, ही कबुली डू बॉईस यांनी मोकळेपणानं दिली.

आता त्यांचा या वॉर्डाचा नकाशा जवळून बघा. याच पाहणीवरच्या 1899 च्या त्यांच्या ग्रंथातला. मध्यमवर्गाची घरं लाल, कष्टकऱ्यांची हिरवी, गरिबांची निळी. आणि काळी? ‘दुराचारी आणि गुन्हेगार’. भाडं मोजता येतं, माणसं मोजता येतात. दुराचार कसा मोजला? हा निवाडा आहे. वर्णद्वेषाशी जन्मभर झुंजलेल्या माणसाच्या हातून तो उमटलाय, म्हणून जास्त अस्वस्थ करतो.

1979 मध्ये अमेरिकेतच, फाशीच्या शिक्षेच्या बाजूच्या आणि विरोधातल्या विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचायला दिले गेले: एक म्हणे फाशीनं गुन्ह्यांना आळा बसतो, दुसरा म्हणे बसत नाही. दोन्ही गटांना आपल्या मताविरुद्धचा अभ्यासच कच्चा वाटला.

आपलं मत असं आपल्याच नजरेआड येईल, ही भीती डू बॉईस यांना होती. वैयक्तिक कल, नैतिक धारणा, जुने संस्कार यांमुळे चित्र वाकडं तर झालं नाही ना, याची धास्ती अभ्यासकाला कायम असायला हवी, असं त्यांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच लिहिलं. आणि शेवटी आपल्या प्रश्नावल्या छापून टाकल्या. त्या पानांमुळेच आज त्यांना विचारता येतं: या घराला काळा रंग कोणत्या उत्तरावरून दिला?