पृष्ठभाग रिकामा राहत नाही

मंडळी, समोर आज एका बाजूला चाकण, भोसरी, कुरकुंभच्या कारखान्यांत युटिलिटी, म्हणजे पाणी, वाफ, वीज सांभाळणारे लोक आहेत आणि दुसऱ्या बाजूला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारे विद्यार्थी. हे दोन्ही गट एका सभागृहात फार क्वचित भेटतात, आणि आपला विषय नेमका त्यामुळेच मागे पडला आहे. कारखान्याचं पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरच्या फिलवर म्हणजे आतल्या जाळीवर, कंडेन्सरच्या नळ्यांत, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओच्या मेम्ब्रेनवर म्हणजे गाळणाऱ्या पडद्यावर जो बुळबुळीत थर धरतो, त्याबद्दल मी बोलणार आहे. तो थर जिवाणूंच्याच मदतीने आवरता येईल का, हा माझा प्रश्न आहे.

पाण्यात मोकळा फिरणारा जिवाणू पृष्ठभागाला चिकटला की त्याचं वागणं बदलतं. तो शर्करेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि डीएनए बाहेर सोडतो आणि त्यातून चिकट आवरण तयार होतं. या आवरणात सर्वात जास्त असतं ते पाणी, हलू न शकणारं पाणी. पाण्याची उष्णतावाहकता सुमारे ०.६ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन. कार्बन स्टीलची ५०च्या आसपास, तांब्याची ४००च्या जवळ. म्हणजे तांब्याच्या नळीला आतून अर्धा मिलिमीटर थर बसला, तर उष्णतेच्या दृष्टीने त्या जागी जवळजवळ एक फूट जाडीचं तांबं उभं राहतं. कॅल्शियमचा क्षार, ज्याची आपण एवढी धास्ती घेतो, तोसुद्धा या थरापेक्षा उष्णता बरी वाहून नेतो. चिलरचं वीजबिल वाढलं की आधी स्केलकडे, म्हणजे या क्षाराकडे, बोट दाखवलं जातं. माझा आग्रह आहे की आधी नळी उघडून बोट फिरवून बघावं.

पण विजेपेक्षा मोठं नुकसान थराच्या तळाशी होतं. वरचे जिवाणू ऑक्सिजन संपवतात, त्यामुळे खाली ऑक्सिजन नसलेली जागा तयार होते आणि तिथे सल्फेट खाऊन हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जिवाणू वाढतात. प्लांटमध्ये यांना सगळे एसआरबी (सल्फेट-रिड्यूसिंग बॅक्टेरिया) म्हणतात. थर खरवडला की खाली काळं पडलेलं लोखंड दिसतं, ते आयर्न सल्फाइड. संपूर्ण पाइप शाबूत असतो आणि एकाच जागी आरपार खड्डा पडतो. पाण्याच्या नमुन्यात एसआरबी काउंट कमी आला म्हणून निश्चिंत राहू नका. ते पाण्यात नसतातच फारसे, ते भिंतीवर असतात.

पुणे जिल्ह्यात बोलतोय आणि साखर कारखान्यांचं नाव घेतलं नाही तर कसं चालेल? ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू उसाच्या रसातली साखर फोडतो आणि तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. मिलखालच्या पन्हाळ्यांत आणि गाळण्यांवर तो साचतो. रस दाट होतो, गाळायला जड जातो, साखरेचे दाणे लांबट होतात. ऊस तोडल्यावर गाळपाला जितका उशीर, तितकं हे वाढतं. शेतकऱ्याने वर्षभर राबून तयार केलेली साखर अशी गिरणीच्या भिंतीवर चिकटून जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर आपला रूढ उपाय म्हणजे मारणं. क्लोरीन, ब्रोमीन, ग्लुटारअल्डिहाइड, आयसोथायाझोलिनोन, आलटून पालटून. मोकळे जिवाणू यात मरतात, पण थरातले जिवाणू कित्येकदा शंभर ते हजारपट जास्त मात्रा सोसतात. क्लोरीन वरच्या आवरणातच खर्ची पडतं. आणि समजा सगळे मारले, तरी नांगरून मोकळं ठेवलेल्या रानात आठ दिवसांत तण उगवतं, तसा स्वच्छ पृष्ठभाग पुन्हा भरतोच. तण नको असेल तर तिथे काहीतरी पेरावं लागतं.

हे पेरण्याचं काम सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेत सुरू झालं. १९९९मध्ये अरुल जयरामन, थॉमस वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूत इंडोलिसिडिन आणि बॅक्टेनेसिन या जिवाणूनाशक पेप्टाइडची, म्हणजे छोट्या प्रथिनांची, जनुकं घातली. मूळ पेप्टाइड गुराच्या पांढऱ्या पेशींतली. त्या बॅसिलसचा थर स्टेनलेस स्टीलवर वाढवला, तेव्हा त्यात एसआरबींची वाढ रोखली गेली. जिवाणूनाशक जिथे हवं तिथेच, थराच्या आत तयार होत होतं. पुढे २००४मध्ये याच गटाने थ्री माइल आयलंड वीजकेंद्रातलं प्रत्यक्ष पाणी घेऊन माइल्ड स्टीलवर असा प्रयोग केला. प्रयोगशाळेतलं शुद्ध माध्यम सोडून कारखान्याच्या खऱ्या पाण्यात उतरणं, ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

दुसरी वाट जिवाणूंच्या आपसातल्या संदेशांची. प्रत्येक पेशी बाहेर एक रेणू सोडत राहते. गर्दी वाढली की त्या रेणूची तीव्रता वाढते आणि सगळ्या मिळून वागणं बदलतात. समुद्रात चमकणाऱ्या जिवाणूंत हे १९७०मध्ये दाखवलं गेलं, त्याला क्वोरम सेन्सिंग हे नाव १९९४मध्ये मिळालं. हा रेणू लॅक्टोनेज नावाच्या विकराने तोडता येतो. सोलमधल्या संशोधकांनी २०१२मध्ये सांडपाण्याच्या एमबीआरमध्ये (मेम्ब्रेन बायोरिअॅक्टर, म्हणजे जिवाणू आणि गाळणारं मेम्ब्रेन एकत्र वापरणारी टाकी) लॅक्टोनेज बनवणारा, जनुक बदलून घडवलेला ई. कोलाय हा जिवाणू सच्छिद्र आवरणात बंद करून सोडला, आणि मेम्ब्रेन तुंबण्याचा वेग कमी झाला. सोबत त्यांनी एमबीआरमधूनच वेगळा काढलेला ऱ्होडोकोकस हा जिवाणूही वापरला. त्याच्यात एकही जनुक बदललेलं नव्हतं, आणि त्यानेही तेच काम केलं.

२०१६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गटाने याहून पुढचं दाखवलं. पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर त्यांनी असा ई. कोलाय बसवला, जो स्वतःची गर्दी मोजतो आणि थर जाड होऊ लागला की स्वतःच्याच पेशी सोडून देतो. शिवाय तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो. हा वायू अगदी अल्प प्रमाणात मिळाला तरी इतर जिवाणूंच्या पेशीतला सायक्लिक-डाय-जीएमपी हा संदेशवाहक कमी होतो आणि ते चिकटून राहणं सोडून पोहू लागतात. वर तो एपिक्लोरोहायड्रिन हे प्रदूषकही तोडत होता. मारणं त्यात गौण आहे, आलेल्याला बसू न देणं मुख्य आहे.

आता माझं मत सांगतो. कूलिंग टॉवरमध्ये घडवलेले जिवाणू सोडण्याच्या मी आज विरोधात आहे. टॉवरमधून पाण्याचे बारीक थेंब हवेत उडतात. १९७६मध्ये फिलाडेल्फियात लिजिओनेला या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूचा प्रादुर्भाव झाला, त्याची कहाणी वातानुकूलनाच्या यंत्रणेशी जोडलेली आहे. जे हवेत जातं ते शेजारच्या वस्तीत जातं. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांसाठी १९८९चे नियम आहेत, ते पर्यावरण (संरक्षण) कायद्याखालचे. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीपासून जीईएसी या केंद्रीय मूल्यमापन समितीपर्यंतची ती वाट अडचण म्हणून न पाहता रक्षण म्हणून पाहावी. शिवाय एक तांत्रिक अडचण आहेच: घातलेलं जनुक पेशीला ओझं असतं. ते हरवलेली पेशी वेगाने वाढते, आणि काही दिवसांत थरात कामचुकार पेशींचीच भरती होते. प्रयोगशाळेतल्या आठवड्यात हे दिसत नाही, कारखान्यातल्या वर्षात दिसतं.

म्हणून बंदिस्त जागा आधी. सांडपाण्याच्या एमबीआरमध्ये आवरणात कोंडलेले, बदल न केलेले, इथलेच जिवाणू. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, ओळख पटवण्याची सोय इथेच आहे. कारखान्यातल्या मित्रांनो, तुमच्या कूलिंग वॉटर लाइनला कूपन रॅक, म्हणजे गंज मोजायला पाण्यात ठेवलेल्या धातूच्या पट्ट्यांची चौकट, असेलच. वजनघट मोजून कूपन टाकून देऊ नका. काढल्याबरोबर त्यावरचा थर निर्जंतुक स्वॅबने खरवडा, ट्यूब बर्फात ठेवा, त्या आठवड्यातला बायोसाइड म्हणजे जिवाणूनाशक, त्याचा डोस, पाण्याचं तापमान आणि सल्फेट लिहून ठेवा, आणि या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हातात द्या. जो जिवाणू तुमच्या पाण्यात, तुमच्या क्लोरीनमध्ये तग धरून आहे आणि ज्याच्या खाली कूपन कमी झिजलं आहे, शोध त्याचा घ्यायचा आहे.