साक्षरतेचा वर्ग कोंडाळ्यापाशी भरला त्याची गोष्ट

(दृश्य: कर्वे रोड, सकाळची गर्दी, वरून जाणारी मेट्रो, एसएनडीटीचं गेट)

सामाजिक न्यायावर संवाद म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं सांगू, एसी हॉल, मागं फ्लेक्स, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते सोडून बाकी सगळे हजर. पुण्यात असे कार्यक्रम ढिगानं होतात. पण या गेटच्या आतल्या काही लोकांनी १९९० च्या आसपास जे सुरू केलं ते जरा वेगळ्याच वाटेनं गेलं.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं हे एसएनडीटी महिला विद्यापीठ. त्याच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागात पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण काम करत होत्या. प्लॅन साधा होता, कचरा वेचणाऱ्या बायकांना आणि त्यांच्या पोरांना लिहायला-वाचायला शिकवायचं. आता पोरं वर्गात येणार कशी, ती तर पहाटेपासून आईबरोबर गोणी घेऊन फिरतायत, मग शिकवणारेच त्यांच्याबरोबर फिरायला लागले, कोंडाळ्यापर्यंत, म्हणजे कचराकुंडीपर्यंत.

(दृश्य: हातातला लोखंडी आकडा, कचरा उपसताना. क्लोजअप)

हे बघा. वर खरकटं, त्याखाली पुठ्ठा, त्याखाली फुटलेली काच, मधेच कुणाचं तरी वापरलेलं ब्लेड. भंगारवाल्याच्या काट्यावर ओल्या पुठ्ठ्याला सुक्याचा भाव मिळत नाही, म्हणजे तोच कागद घरातून कोरडा हातात आला असता तर पैसे जास्त, वेळ कमी आणि हात शाबूत. बाराखडी राहू द्या, आधी हे बघा, असा एकूण मामला होता. आणि विद्यापीठाच्या लोकांनी तो ऐकला, आपला सिलॅबस रेटत बसले नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला संवाद तो हाच, बाकी पुढची कामं.

मग विद्यापीठाच्या शिक्क्याची ओळखपत्रं निघाली. गोणी घेऊन फिरणारी बाई म्हणजे चोर असं धरून चालणारे पोलीस आणि वॉचमन तेव्हाही होते (आता नाहीत असं नाही). कार्ड दाखवलं की दार उघडायचं, घरातून सुका कचरा वेगळा मिळायचा. हे बरं चाललेलं असताना एका उद्योजकानं त्याच भागात गाडी लावून कचरा गोळा करायची तयारी केली, म्हणजे या बायकांच्या पोटावरच पाय. बायका अडून बसल्या, गाडी गेली, पण सगळ्यांच्या लक्षात आलं की तीसेक बायकांचं कार्ड पुरणार नाही, संघटना पाहिजे.

मोहन ननावरे यात आले, ते स्वतः कचरा वेचणाऱ्या आईचे. आणि हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव, त्यांना असंघटित माणसाची संघटना कशी बांधायची हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १९९३ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली मेळावा भरला, आठशेच्या वर कचरावेचक आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली. यातल्या बहुतेक बायका दलित, बऱ्याच जणी दुष्काळात मराठवाडा सोडून पुण्यात आलेल्या. त्यामुळे इथं जात, बाईपण आणि पोट असे तीन वेगळे विषय घेऊन तीन सेमिनार करता येत नाहीत, गोणी एकच असते.

(दृश्य: सोसायटीचा जिना, ओल्या-सुक्याच्या बादल्या)

१९९६ पर्यंत महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली, पुढं आरोग्य विमाही मिळाला. २००१ साली एसएनडीटीच्याच लोकांनी पुण्यातल्या कचरावेचकांचा आणि भंगार धंद्याचा अभ्यास करून आकडे मांडले, कारण 'आम्ही शहराचा खर्च वाचवतो' हे बायका कितीही वेळा म्हणाल्या तरी पालिकेला टेबलावर कागद लागतो. मग स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली, २००८ मध्ये पालिकेशी करार झाला आणि घरोघरचा कचरा या बायका उचलू लागल्या. संचालक मंडळातसुद्धा कचरावेचक बसतात.

सॅनिटरी पॅडचं प्रकरण तर ऐकाच. उघड्या पॅडला रोज हात लागायचा. म्हणून २०१३ मध्ये वापरलेली पॅडं गोळा करून थेट बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली, घ्या तुमचा माल. नंतर घरच्यांसाठी लाल ठिपका आला, पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. इतकं साधं आहे, तरी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर एकदा विचारून बघा किती जण करतात.

आणि सगळं गोडगोड नाहीये. कचरा उचलण्याचे दर महिन्याचे पैसे देताना 'कशाला द्यायचे' म्हणणारे हजार फ्लॅटवाले आहेत. २०२० च्या डिसेंबरात करार संपला तेव्हा ठेकेदारांना काम द्यायच्या हालचालींची चर्चा सुरू झाली, मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि या बायकांना परत पालिकेच्या दारात उभं राहून तेच सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. फरक एवढाच, की तेव्हा त्यांच्या वतीनं बोलायला मॅडम लोकांची गरज उरली नव्हती, माईक त्यांच्याच हातात होता आणि समोरच्या साहेबाला आकडे पण त्याच ऐकवत होत्या.