पोचल्याचा निरोप

[दृश्य: सोलापूर स्टेशन, रात्र]

सिद्धेश्वर एक्स्प्रेस फलाटावर लागली आहे. डब्याच्या दारात दोन मोठ्या बॅगा आणि एक पोरगा. उद्या मुंबईहून विमान. तेवीस किलोच्या वर वजन गेलं म्हणून घरी बॅग दोनदा उघडली. आधी जाड पुस्तक बाहेर आलं, मग एक स्वेटर. शेंगाचटणी मात्र जागची हलली नाही. कडक भाकरीचा डबा टॉवेलात गुंडाळलेला. खिडकीशी आई एकच सांगतेय, "पोचलास की फोन लाव."

[दृश्य: भैय्या चौक, कोटणीस स्मारक]

याच गावातले एक डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईत 'राजपुताना' बोटीवर चढले, तेव्हा पोचल्याचा निरोप पत्रानंच यायचा. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. वय सत्तावीस. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेले. जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसनं डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. सुभाषबाबू तेव्हा अध्यक्ष. पथकात पाचजण: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले कोटणीस.

हे कुठून सुचलं असेल, असं सोलापुरात सहसा कुणी विचारत नाही. १९३० च्या मे महिन्यात स्वातंत्र्यलढा दडपायला इंग्रजांनी इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला, तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. उत्तर तेवढ्यात येतं, असं इथल्या माणसाला वाटतं.

[दृश्य: नकाशा, कँटनपासून उत्तरेकडे]

नव्या शहरात उतरलं की माणूस खोली बघतो, किराण्याचं दुकान बघतो, बसचा नंबर पाठ करतो. सप्टेंबरच्या मध्याला हे पाचजण कँटनला पोचले, म्हणजे आजच्या ग्वांगझूला. तिथं आधी बघायचं ते आकाश. जपानी विमानं कित्येक महिने त्या शहरावर बाँब टाकत होती. पथक पुढं हांकौला, म्हणजे आजच्या वूहानला गेलं, तिथून यीचांग, मग चुंगकिंग, आजचं चोंगचिंग. ऑक्टोबर संपायच्या आत कँटनही पडलं आणि हांकौही. ज्या शहरात आपण नुकते पाहुणे म्हणून उतरलो, ते महिनाभरात शत्रूच्या हातात!

चुंगकिंगला त्यांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाला शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीसांचे झाले 'के दीहुआ'. आणि त्याच मुक्कामात वडील गेल्याची बातमी आली. परगावी राहणाऱ्या प्रत्येकाला ज्या निरोपाची धास्ती असते, तो निरोप. सोबतच्यांनी परत जा म्हणून सांगितलं. ते गेले नाहीत. बरोबर की चूक, ते आपण इथं बसून कशाला ठरवायचं?

[दृश्य: डोंगरात कोरलेली घरं]

फेब्रुवारी १९३९. येनान, चिनी कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं. पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेली घरं, कडाक्याची थंडी. आणि ताटात काय? राळे! भोगीला आपल्याकडं ज्याचा भात करतात, तेच राळे तिथलं रोजचं धान्य. भूगोलाच्या पुस्तकात न सापडणारं हे नातं आम्हाला फार आवडलं.

भाषेचं मात्र असं सोपं नव्हतं. रुग्णाला कुठं दुखतंय, हे दुभाष्याकडून किती दिवस विचारणार? कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले. पुढं आघाडीवर गेले. नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनच्या नावाचं रुग्णालय तिथं होतं. १९४१ मध्ये ते त्याचे प्रमुख झाले, आणि परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत.

मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फेफऱ्याच्या झटक्यानं कोटणीस गेले. वय बत्तीस.

[दृश्य: शिजियाझुआंग, हुतात्मा स्मशानभूमी]

एप्रिलच्या सुरुवातीला चीनमध्ये छिंगमिंग येतो. आपल्या सर्वपित्रीसारखा, पूर्वजांना आठवायचा दिवस. लोक घरच्यांच्या कबरी झाडतात, फुलं वाहतात. उत्तर चीनमधल्या शिजियाझुआंगला त्या दिवशी के दीहुआंच्या कबरीवरही फुलांचा ढीग असतो.