खांदे कोण मळत होतं?

नमस्कार मंडळी. विषय तुम्हीच दिलात: ‘टेमरेअर’ ही कादंबऱ्यांची मालिका सहाव्या भागानंतर घसरली का? समोर बसलेल्या बहुतेकांनी नऊही भाग वाचलेत, त्यामुळे नेपोलियनच्या लढायांत दोन्हीकडे ड्रॅगनांच्या पलटणी होत्या वगैरे सांगत बसत नाही. नाओमी नोविक यांचे पहिले तीन भाग २००६ या एकाच वर्षात आले, नववा यायला २०१६ उजाडलं. पहिल्या तिनांवर आपल्यातले सगळेच जीव टाकतात. सहावा आला, कप्तान लॉरेन्स आणि त्याचा ड्रॅगन टेमरेअर ऑस्ट्रेलियात पोचले, आणि बरेच जण गळाले. ‘नुसती पायपीट आहे,’ हे मी इथेच ऐकलंय. त्याला मला आज उत्तर द्यायचंय.

पण आधी मामांची गोष्ट. कराडकडे आमचा मामा, साठी उलटेपर्यंत बैलांनी शेती केलेला माणूस. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस त्याला काही वाचता येईना, म्हणून मी पहिला भाग तिथल्या तिथे मराठी करत त्याला वाचून दाखवला. फ्रेंच जहाज पकडलं, त्यात अंडं सापडलं, त्यातून टेमरेअर निघाला, त्याच्यापायी लॉरेन्सला आपलं नौदल सोडावं लागलं, हे सगळं तो हूं हूं करत ऐकत होता. मग लेव्हिटास आला.

तुम्हाला आठवतोच. निरोप पोचवणारा छोटा ड्रॅगन. त्याचा स्वार रँकिन मोठ्या घरचा, उडण्यात तरबेज, पण काम झालं की ड्रॅगनकडे ढुंकून बघत नाही. लेव्हिटास मळलेल्या अंगाने एका कडेला पडून असतो. लॉरेन्सलाच त्याची दया येते, आणि हॉलिन नावाचा साधा कामगार त्याला साफ करायला लागतो. इथे मामाने मला थांबवलं. ‘याचे खांदे कोण मळत होतं?’

आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. जू बसतं तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, मग हळद आणि लोणी लावून चोळायचा. इथल्या तरुण मुलांनी हे पाहिलं नसेल म्हणून सांगतो. मामा म्हणाला, ‘खांदा मळताना कळतं, जू कुठं काचतंय ते. ज्यानं कधी हातच लावला नाही, त्याला काय कळणार?’ मी तो भाग दोनदा वाचला होता. मला फक्त रँकिनचा राग आला होता. हाताची गोष्ट मला सुचलीच नव्हती.

मग लेव्हिटास जखमी होऊन येतो, मरायला टेकलेला असतो आणि रँकिनची वाट बघतो. लॉरेन्स रँकिनला अक्षरशः ओढत आणतो, चार बरे शब्द बोलायला लावतो, आणि लेव्हिटास समाधानाने जातो. मामाने काळा चष्मा काढून डोळे पुसले. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलेलं. म्हणाला, ‘तेवढंच पुरलं की रे त्याला.’ त्या रात्री त्याने मला बहात्तरच्या दुष्काळात विकलेल्या सर्जाची गोष्ट सांगितली. दावं दुसऱ्याच्या हातात गेलं तरी सर्जा वळून वळून त्याच्याकडे बघत होता. पन्नास वर्षं हे त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

सहाव्या भागात तोच रँकिन परत येतो आणि त्याला नवा ड्रॅगनही मिळतो. मागे बसलेल्या ताईंनी त्या पानावर पुस्तक फेकलं होतं, त्यांनीच सांगितलंय! मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘तसंच होतं. बैल मेला म्हणून मालकाला दुसरा बैल द्यायला कोण नाही म्हणतं?’

चिठ्ठी आली. सात मिनिटं राहिलीत, तर मुद्द्याचं भराभर सांगतो.

ही पायपीट हाच या मालिकेचा युक्तिवाद आहे. इंग्लंडमध्ये ड्रॅगन वस्तीपासून लांब, आडजागी ठेवलेले. चीनमध्ये तेच ड्रॅगन रस्त्यांवरून हिंडतात, स्वतःचा पैसा बाळगतात. ते बघून आल्यावर टेमरेअर पगार मागायला लागतो. आफ्रिकेत त्स्वाना लोक ड्रॅगनांना परत जन्मलेले पूर्वज मानतात, आणि तेच ड्रॅगन गुलामांच्या व्यापाराची बंदरं उद्ध्वस्त करतात. खऱ्या इतिहासात ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद करणारा कायदा १८०७ साली केला, हे शेजारी ठेवून वाचा. आणि इंकांच्या मुलखात तर रोगराईने माणसं इतकी घटलीत की ड्रॅगनच माणसांना आपली म्हणून सांभाळतात, पळवतात. कोण कुणाचा मालक, हा प्रश्न देश बदलल्याशिवाय असा उलटा करून दाखवता आलाच नसता. आठव्या भागातला लॉरेन्सचा स्मृतिभ्रंश मात्र मलाही पटला नाही. तिथे तुमचं खरं.

माझी तक्रार वेगळी आहे. पाचव्या भागात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्ली येतो. हा आपल्या असईचा वेलस्ली, २३ सप्टेंबर १८०३ ला जालन्याकडे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला. त्याला आणलं, टेमरेअरला चीन, तुर्कस्तान, ब्राझील, जपान, रशिया फिरवलं, आणि हिंदुस्थानात कथा उतरवलीच नाही. शिंद्यांच्या तोफखान्यावर ड्रॅगनची सावली पडलेली मला बघायची होती. आजही बघायची आहे.

वेळ संपली. नऊही भाग त्या टेबलावर ठेवलेत, न्यायचे त्यांनी वहीत नाव लिहून न्या. पहिल्या भागाची पानं सुटलीत. मामाकडे होता तो. जपून हाताळा.