पंपाखालचं पेट्रोल: मोजायचं मे महिन्यात

मंडळी, पंपाच्या टाकीला गळती लागली आणि शेजारच्या सोसायटीच्या बोअरला वास यायला लागला, की कमिटीचा पहिला प्रश्न असतो, "फिल्टर कोणता बसवायचा?" फिल्टर सगळ्यांत शेवटी. आधी गळती बंद, मग पाण्यावर तरंगणारं पेट्रोल, मग माती आणि मग पाणी. हा क्रम उलटा केला तर फिल्टर वर्षानुवर्षं चालतो आणि बोअरचा वास आहे तिथेच राहतो.

गळती शोधायला डीलरची डिप रॉडची वही (टाकीत दांडी बुडवून रोजचा साठा लिहायची) उघडा. पेट्रोल उष्णतेनं फुगतं. दहा हजार लिटरमागे पाच अंशांचा फरक पडला तर साधारण 50 लिटर इकडेतिकडे होतात. त्यामुळे एका दिवसाची तूट म्हणजे गळती नव्हे, पण रोज तुटीकडेच झुकणारा आकडा दिसला की संशय घ्यायचा. टाकीच्या पत्र्याइतकेच पाइपाचे सांधे आणि डिस्पेन्सरखालचा (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राखालचा) खड्डाही तपासा. जिथे टाकीतच सबमर्सिबल पंप आहे तिथे लाइनमध्ये दाब असतो, म्हणजे गाडी भरत असताना बारीक भोकातूनही पेट्रोल बाहेर फेकलं जातं. जुन्या सक्शन लाइनला भोक पडलं तर ती हवा ओढते, पंप रिकामा फिरतो आणि बोंब लगेच कळते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, घनता 0.72 ते 0.775. त्यामुळे ते भूजलावर तवंगासारखं पसरतं आणि त्यातलं बेन्झीन (कर्करोगाचा धोका असलेलं रसायन) हळूहळू पाण्यात उतरतं. आजच्या बीएस-सहा पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त एक टक्का. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. हिशेब करा: एक टक्का बेन्झीन असलेलं एक लिटर पेट्रोल साडेआठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं.

आता मुंबईची जमीन. वर भराव किंवा मुरूम, खाली भेगाळलेला काळा दगड, आणि किनाऱ्यालगत भरती-ओहोटी. त्यावर चार महिन्यांचा पाऊस. पाण्याची पातळी मेमध्ये खोल जाते आणि ऑगस्टमध्ये कधी कधी पायाशी येते. ही पातळी वर चढताना पेट्रोल मातीच्या छिद्रांत अडकून पाण्याखाली राहतं आणि निरीक्षण विहिरीत (मोजमापासाठी जमिनीत घेतलेल्या अरुंद बोअरमध्ये) तवंग दिसेनासा होतो. ऑगस्टमध्ये "तवंग शून्य" असा अहवाल येतो, सगळे खूश होतात. मेमध्ये पाणी उतरलं की तोच तवंग परत हजर! दगडाच्या बंदिस्त भेगांत क्वचित उलटं, म्हणजे पाणी चढताना तवंग जाड दिसतो, असंही होतं, म्हणून एका विहिरीवरून निकाल देऊ नका. पण काम संपल्याचा दाखला मागायचा असेल, तर निदान दोन मे महिन्यांची मोजमापं हातात हवीत.

मोजायला इंटरफेस प्रोब लागतो, म्हणजे तेल आणि पाणी कुठे लागलं ते आवाजानं सांगणारी मोजपट्टी. बहुतेक प्रोब तेलात सलग वाजतात, पाण्यात थांबून थांबून. समजा 3.20 मीटरवर तेल लागलं आणि 3.65 वर पाणी. तवंग 45 सेंटिमीटर. तेलाच्या वजनानं पाणी खाली दबलेलं असतं, म्हणून 0.45 ला पेट्रोलच्या घनतेनं, इथे 0.74 नं, गुणायचं आणि 3.65 मधून वजा करायचं. खरी पातळी 3.32 मीटर. ही दुरुस्ती न करता नकाशा काढला तर पाण्याचा उतार भलतीकडेच दिसतो. आणि विहिरीतले 45 सेंटिमीटर म्हणजे जमिनीतले 45 नव्हेत, तिथे बहुधा बरंच कमी असतं.

निरीक्षण विहिरीची जाळी (पाइपाचा पाणी आत घेणारा चिरांचा भाग) मे आणि ऑगस्ट या दोन्ही पातळ्या झाकेल एवढी लांब हवी, नाहीतर तवंग जाळीच्या वरच राहतो आणि विहीर निर्दोष ठरते. पीव्हीसी पाइप आट्यांचे घ्या. सोल्यूशननं चिकटवलेत तर त्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. बोअरवाल्याची नेहमीची रिग मुरमात चालवू नका. कॉम्प्रेसरची हवा बेन्झीन उडवून लावते आणि तेल भेगांत ढकलते. सोसायटीची जुनी बोअर तर खास धोक्याची. वर थोडं केसिंग आणि खाली उघडा दगड, म्हणजे वरचं पेट्रोल थेट खोल भेगांत. ती वापरायची नसेल तर खालपासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइट (फुगणारी चिकणमाती) यांच्या मिश्रणानं भरून टाका.

तवंग काढायला स्किमर (वरचं तेल तेवढं उचलणारं साधन) किंवा हवेवर चालणारा पंप. साधा सेंट्रिफ्यूगल पंप तेल-पाणी घुसळून दुधाळ करतो, मग सेपरेटरमध्ये (तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत) ते वेगळं होत नाही. डिटर्जंट ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला नम्रपणे निरोप द्या. तेल नाहीसं होत नाही, जास्त लांब पसरतं. तवंग असताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखं ऑक्सिडायझरही नको, कारण उष्णता आणि वाफा दोन्ही सुटतात. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 टक्क्यांवर पेट घेते, तेव्हा लिफ्टचा खड्डा आणि बेसमेंट एक्स्प्लोसिमीटरनं (हवेतली पेट घेणारी वाफ मोजणाऱ्या मीटरनं) रोज तपासा. मीटर या मर्यादेच्या दहा टक्क्यांवर गेला की काम थांबवायचं. शेजारी पुनर्विकासाचं बेसमेंट खणत असतील तर आणखी सावध, कारण त्यांचे पाणीउपसा पंप तुमचा तवंग आपल्याकडे ओढून घेतात.

सेपरेटरनंतर पाण्यातलं बेन्झीन शोषून घेणारा सक्रिय कार्बन. मिनिटाला 20 लिटर पाणी आणि दहा मिनिटं संपर्क धरला तर 200 लिटर कार्बन, म्हणजे साधारण शंभर किलो. ड्रम दोन, एकामागे एक, आणि नमुना मधल्या नळीतून. तिथे बेन्झीन दिसलं की पहिल्याचा कार्बन बदलायचा आणि दुसऱ्याला पहिल्या जागी आणायचं. पण कार्बन संपण्याआधी बहुधा लोहच त्याला बुजवतं. तेल खाणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात, लोह विरघळतं आणि वर हवा लागताच नारिंगी गाळ बसतो. म्हणून आधी वायुवीजन (पाण्यात हवा सोडणं) आणि बॅग फिल्टर ठेवा. वायुवीजनाची हवाही वाफांसकट बाहेर पडते, तीही कार्बनमधून सोडा.

उरलेलं काम जिवाणूंवर सोडता येतं का? थोडंफार. एक मिलिग्रॅम बेन्झीनला सुमारे तीन मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि आपल्याकडच्या पाण्यात लिटरला जेमतेम आठ मावतो. किनाऱ्यालगत ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट जिवाणूंच्या मदतीला येतं, तिथे सडक्या अंड्यांचा वास आला तर बिघडलं असं समजू नका. पण ई-20 (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मधलं इथेनॉल जिवाणू आधी फस्त करतात आणि ऑक्सिजन त्यातच संपतो. बेन्झीन मागे राहतं आणि पुढे सरकतं.

नमुना 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, एकही बुडबुडा न ठेवता, आम्ल घालून बर्फात, आणि 14 दिवसांत तपासायचा. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत नेलेल्या नमुन्याचा आकडा खुशाल फाडून टाका. वापरलेला कार्बन आणि सेपरेटरचा गाळ कचरागाडीत टाकू नका, तो घातक कचरा आहे. तो अधिकृत केंद्रातच जायला हवा, आणि त्याची पावती फाइलला लावा.