चौकटीवरची खडूची रेघ

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमधल्या एका शाळेत मी बरीच वर्षं पीटी शिकवली. आमच्याकडे खेळाच्या साहित्याची एक अंधारी खोली होती. तिच्या दाराच्या चौकटीवर दर जूनमध्ये मी खडूनं एक रेघ ओढायचो, बरोबर पाच फूट चार इंचांवर. नववीतली मुलं बास्केटबॉलला नाव द्यायला आली की एकेकाला चौकटीला पाठ लावून उभं करायचं. डोकं रेघेला टेकलं तर आत. नाही टेकलं तर, "तू खो-खोला जा रे." टाचा उचलणारे असायचेच, म्हणून मी आधी पायांकडे बघायचो.

आज ज्या माणसाबद्दल बोलायचंय, तो पूर्ण वाढ झाल्यावरही त्या रेघेखाली एक इंच राहिला असता. टायरोन बोग्ज, सगळं जग त्याला मग्सी म्हणतं. उंची पाच फूट तीन इंच. एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिथं त्याच्याहून बुटका खेळाडू आजवर झालेला नाही, आणि तिथं तो १४ हंगाम खेळला. शोभेसाठी नाही, सामने चालवायला.

आपल्याकडे असं कुणी दिसलं की लगेच वामनाची उपमा येते. पण वामन पुढं वाढला हो, तीन पावलांत त्रिभुवन व्यापलं त्यानं. हा वाढला नाही. वाढायची गरजही पडली नाही, आणि गंमत तिथंच आहे.

त्याचा जन्म ९ जानेवारी १९६५चा, बाल्टिमोरमधला. गरिबांसाठी सरकारनं बांधलेल्या वसाहतीत वाढला. पाच वर्षांचा असताना वस्तीतल्या गोळीबारात बंदुकीचे छर्रे अंगात घुसले, त्यातून वाचला. बारा वर्षांचा झाला तेव्हा वडील तुरुंगात गेले. घर आईनं ओढलं. मग्सी हे नावही वस्तीतलंच. तिकडच्या बोलीत रस्त्यात गाठून लुटण्याला जो शब्द आहे, त्यावरून पोरांनी ते पाडलं, कारण हा समोरच्याच्या हातातला चेंडू लुटायचा.

त्याची शाळा डनबार. शाळेचा संघ सलग दोन वर्षं एकही सामना हरला नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डनच्या शाळेशी खेळायला गेले तेव्हा याला मैदानात बघून प्रेक्षक हसले होते. सामना संपेपर्यंत हसू थांबलं. १९८७ साली एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा पहिल्याच फेरीत या एका शाळेतले तीन जण होते: रेगी विल्यम्स चौथा, मग्सी बारावा आणि रेगी लुईस बाविसावा. त्यातला लुईस शाळेत असताना राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठून खेळायला यायचा. मी शाळेतला माणूस आहे, म्हणून सांगतो, अशी बॅच एखाद्या सरांच्या नशिबात आली की त्यांनी पेढे वाटावेत आणि गप्प बसावं.

मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठ. १९८६मध्ये स्पेनमध्ये जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेनं कॉलेजची पोरं पाठवली होती, त्यांत हा. युगोस्लाव्हियाच्या द्राझेन पेत्रोविचला रोखायचं काम याच्याकडे होतं. पेत्रोविच म्हणजे तेव्हा युरोपातला सगळ्यात धोकादायक हात. अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला ८७–८५ असं हरवून सुवर्ण घेतलं.

आता खेळाकडे येऊ. श्रोतेहो, घरात चेंडू असेल तर संध्याकाळी करून बघा. आधी कमरेच्या उंचीवर टप्पे मारा, मग खाली वाकून घोट्याच्या थोडं वर. खालच्या टप्प्यात चेंडू हातातून सुटून हातात परत येतो तो डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात. समोरच्याला हात घालायला वेळच उरत नाही. आणि घालायचा म्हटलं तरी साडेसहा फुटी माणसाला तिथवर जायला किती वाकावं लागेल? एकदा वाकेल, दहादा वाकेल, सामन्याच्या शेवटी त्याच्या मांड्या भरून येतात. मग्सी मात्र आहे तिथंच उभा असतो. म्हणजे रिंग दहा फुटांवर, ती सगळ्यांनाच वर. पण ड्रिबल करताना चेंडू निम्मा वेळ जमिनीकडेच असतो, आणि जमिनीचा मालक हा.

बचावातही तेच. प्रतिस्पर्धी आपल्या रिंगखालून चेंडू घेऊन निघाला की हा तिथंच त्याच्या पायात घुसायचा. शॉट घ्यायला नियमानं २४ सेकंद. त्यातले सात-आठ सेकंद मध्यरेषा ओलांडण्यातच गेले, तर पुढची आखलेली चाल घाईत खेळावी लागते. स्कोअरशीटवर या सात सेकंदांचा रकाना नसतो, पण सामने तिथं फिरतात.

खो-खोवाल्यांना हे सगळं सांगायची गरज नाही. खाली वाकलेलं अंग, हुलकावणी, डोळे एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मी ज्यांना रेघेवरून तिकडं पाठवत होतो, ती पोरं रोज संध्याकाळी नेमकं हेच शिकत होती.

उणीव नव्हती असं नाही. रिंगजवळ नेऊन डोक्यावरून शॉट मारणाऱ्यापुढं याचा इलाज चालत नसे, सोबत्याला धावून यावं लागे. लांबच्या शॉटमध्येही त्याचा हात फारसा बसला नाही. हे लपवून ठेवलं तर बाकीचं कौतुक खोटं वाटेल.

पहिल्या वर्षी तो वॉशिंग्टनच्या संघात होता. तिथं त्याचा सोबती सुदानचा मनूट बोल, सात फूट सात इंच. दोघांचा शेजारी उभा असलेला फोटो अजून फिरतो. आपल्या घरचा दरवाजा साधारण सात फुटी. बोल वाकून आत आला असता आणि मग्सीच्या डोक्यावर पोतं ठेवलं तरी तो सरळ आला असता. लोक हसले, फोटो छापले, आणि वर्षभरात संघानं याला राखून न ठेवलेल्यांच्या यादीत टाकलं. १९८८मध्ये शार्लट शहराचा नवा संघ उभा राहत होता, हॉर्नेट्स म्हणजे गांधीलमाश्या. त्यांनी त्या यादीतून याला उचललं. पुढचे दहा हंगाम तो तिथला झाला. त्या संघासाठी सगळ्यात जास्त असिस्ट आजही त्याच्याच नावावर आहेत. असिस्ट म्हणजे ज्या पासवर सोबती लगेच बास्केट करतो तो पास. १९८९–९०च्या हंगामात तर सामन्यामागं सरासरी १०.७.

ब्लॉकही केले त्यानं, म्हणजे समोरच्याचा शॉट हातानं अडवला, कारकिर्दीत ३९ वेळा. सगळ्यात गाजलेला १४ एप्रिल १९९३चा, न्यूयॉर्कच्या सात फुटी पॅट्रिक युइंगचा. लोक विचारतात, हा उडाला तरी किती? अहो, तितकं उडावं कशाला? चेंडू वर निघाला तिथंच हात घातला. पाणी नळाशीच अडवलं, टाकीवर चढायचं काय काम?

पुढं गुडघा गेला. १९९५–९६मध्ये जेमतेम सहा सामने. मग गोल्डन स्टेट, मग टोरांटो, आणि २००१मध्ये थांबला. नंतर शार्लटच्या महिला संघाचा प्रशिक्षकही झाला. हिशेब असा: ८८९ सामने, ६,८५८ गुण आणि ६,७२६ असिस्ट. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जितकं स्वतः मिळवलं, जवळजवळ तितक्याच वेळा दुसऱ्याच्या हातात ठेवलं. असिस्टचं बास्केट किमान दोन गुणांचं, म्हणजे वाढलेलं ताट मोठं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एक वही आठवली. पंचवटीतून सायकलवर येणारा एक मुलगा होता. दोन वर्षं लागोपाठ रेघेखाली राहिला, पण हटेना. मग मी त्याला स्कोअरर केलं. तेवढंच टेबलाशी बसेल, पाण्याच्या बाटल्या भरेल. अक्षर छान होतं. निवृत्त होताना ती खोली रिकामी करत होतो, तेव्हा त्याच्या वह्या निघाल्या. छापील रकाने संपल्यावर समासात त्यानं पेन्सिलीनं स्वतःचा एक रकाना आखला होता. प्रत्येक बास्केटसमोर एक नंबर, बास्केट करणाऱ्याचा नव्हे, त्याला पास देणाऱ्याचा. आमच्या शाळेच्या स्कोअरशीटमध्ये असा रकाना नव्हताच. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यानं कधी दाखवलं नव्हतं. दोन वर्षांचे सगळे सामने होते त्यात. मी खोलीत खाली बसून ते वाचले. माझ्या उंच पोरांपैकी ज्याला मी कप्तान केलं होतं, त्याचा नंबर त्या रकान्यात फार थोड्या वेळा होता.

मुलगा आता कुठं असतो, मला माहीत नाही. शहर वाढलं, गोल्फ क्लबवर सकाळी चालायला गेलो की जुने विद्यार्थी हाक मारतात, पण त्यात तो अजून भेटलेला नाही.

संध्याकाळी मी अजून कोर्टवर जातो, घराजवळच्या. सिमेंटचं आहे, मधोमध एक भेग गेलेली. चेंडू भेगेवर पडला की वाकडा उडतो, तिथल्या सगळ्या पोरांना ते पाठ आहे. एका रिंगला जाळी नाही. चौकट नाही, रेघ नाही, येईल तो खेळतो. सातवीतली एक मुलगी येते, उंची विचारू नका. रबरी चेंडूचे दाणे झिजून तो गुळगुळीत झालाय, तरी तिच्या बोटांतून सुटत नाही. टप्पा तिच्या घोट्याच्या वर जात नाही.

परवा मला म्हणाली, "सर, घ्या ना माझ्याकडून." पोरगी दिसायला साधी, म्हटलं घेऊ. वाकलो. ती एकदा भेगेच्या अलीकडे गेली, मी तिकडं झुकलो, आणि माझ्या दोन पायांमधून चेंडू पलीकडे निघून गेला. मागोमाग ती. रिंगखाली जाऊन तिनं बास्केट केलं तेव्हा मी अजून वाकलेलाच होतो, हात गुडघ्यांवर.

गरम पाण्याच्या पिशवीनं दोन दिवस कंबर शेकली. आज जाणार आहे.

नमस्कार.