दप्तरात पडीक

दसऱ्याला आपण ज्या शमीची पूजा करतो, तिला राजस्थानात खेजडी म्हणतात. जैसलमेर-बिकानेरकडे पाऊस जेमतेम, पण भर उन्हाळ्यातही खेजडी हिरवी असते. तिच्या शेंगा जवळून बघा. वाळल्या की तपकिरी होतात, पिळवटतात. हीच सांगरी. एकदा वाळवून ठेवली की वर्षभर भाजीला पुरते. पाला शेळ्यांना, उंटांना. आणि खेजडीच्या बुंध्यालगतची बाजरी उघड्यावरच्या बाजरीपेक्षा जोमानं येते, हे तिथला कुठलाही शेतकरी सांगेल.

गेली काही वर्षं ही झाडं सौर प्रकल्पांसाठी तोडली जात आहेत. बिकानेर जिल्ह्यात त्याविरुद्ध लोक धरणं धरून बसले. झाडं जपणं हा धर्म मानणाऱ्या बिष्णोई समाजाचा हा मुलूख. 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह 363 माणसांनी झाडतोड थांबवायला खेजडीला मिठी मारून जीव दिला. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरीकडे रोप लावू, ही भाषा इथे कोण ऐकून घेणार?

या वाळवंटात ऊन भरपूर आहे आणि देशाला विजेची गरज आहे, हे दोन्ही खरं. भडल्याचा सौर पार्क 2245 मेगावॉटचा. जाल तिथवर काळ्या-निळ्या काचाच दिसतात. कोळसा जाळण्यापेक्षा हे शंभरदा बरं. तक्रार उन्हाच्या विजेबद्दल नाहीच. तक्रार आहे ती जागा निवडताना वापरल्या जाणाऱ्या एका शब्दाबद्दल: पडीक.

तो शब्द कशाला लावतात, ते ओरणात दिसतं. आपल्याकडची देवराई आणि गायरान एकत्र केलं, की राजस्थानातलं ओरण होतं. गावाच्या देवाच्या नावानं सोडलेलं रान. इथे कुऱ्हाड चालत नाही, नांगर चालत नाही. गुरं मात्र चरतात. पावसाचं पाणी उतारानं वाहत नाडीत, म्हणजे गावतळ्यात, येतं. पॅनेलसाठी जमीन सपाट केली की पाण्याची वाट मोडते, आणि कुंपण घातलं की मेंढरांची. ज्याच्या नावावर शेत आहे त्याला निदान भाडं मिळतं. जो पिढ्यानपिढ्या नुसताच चारत आला, त्याच्या हातात कागद नाही, त्यामुळे मोबदलाही नाही. या सगळ्या भांडणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

आणि मग तारा. वीज शहरापर्यंत न्यायची तर त्या लागणारच. पण याच आकाशात माळढोक उडतो. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यामुळे आपल्या ओळखीचा, आणि तिथून जवळजवळ नाहीसा झालेला पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं नीट दिसत नाही. तार दिसते तेव्हा एवढं अंग वळवायला वेळ उरलेला नसतो. जैसलमेर भागात सुमारे 4200 चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला 84 हजारांच्या आसपास पक्षी तारांमुळे मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला.

जैसलमेर जिल्ह्यातल्या डेगराय मातेच्या ओरणात 2020 मध्ये एक माळढोक तारेखाली मरून पडलेला सापडला. इथले लोक ओरणाला परिक्रमा घालतात, सीमेवरून चालत, साठेक किलोमीटर. त्यांच्या हिशेबानं हे रान 60 हजार बिघ्यांचं आहे. सरकारी दप्तरात ओरण म्हणून नोंद होती ती 24 हजारांची.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरणांची मोजणी करून नोंद करायला सांगितलं. मोजणीदारानं डेगरायला यावं तेव्हा आधी परिक्रमेला निघावं. सीमा कुठून जाते, ते गुराख्यांना पाठ आहे.